कॅमेऱ्याची राखाडी समजूत

व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की समोरचे सगळे पुसट दिसे, आणि तरीही काढलेला फोटो मागच्या पडद्यावर अगदी स्वच्छ उमटे. पहिले चार दिवस मी हे कोडे घेऊन बसले होते. मोठ्या भावाने मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, कॅमेरा घेतल्यावर त्याचा जुना, नवशिक्यांसाठीचा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, माझ्याकडे आला होता, त्यामुळे त्यात काहीतरी बिघाड असणार असे मी धरूनच चालले. लेन्स पुसली, काढून परत बसवली, बॅटरी बदलून पाहिली. उत्तर सापडले ते माहितीपुस्तिकेच्या सुरुवातीच्याच पानांत, जी मी अर्थातच वाचली नव्हती. व्ह्यूफाइंडरच्या कडेला डायॉप्टरचे एक चिमुकले चाक असते आणि पाहणाऱ्याच्या नजरेप्रमाणे ते फिरवून घ्यायचे असते. ते भावाच्या डोळ्यांना जुळवलेले होते. फिरवताना समोरच्या दृश्याकडे नव्हे, तर आत दिसणाऱ्या आकड्यांकडे आणि फोकसच्या बिंदूंकडे पाहायचे आणि ते रेखीव झाले की थांबायचे. हे काम अर्ध्या मिनिटाचे होते.

पुढच्या आठ-नऊ महिन्यांत माझ्या बहुतेक अडचणींची जात हीच निघाली. कॅमेरा बिघडलेला नसे. त्याने माझ्याविषयी किंवा समोरच्या दृश्याविषयी काहीतरी गृहीत धरलेले असे आणि ते काय, हे मला ठाऊक नसे.

शिकायला सुरुवात केली तेव्हा ज्याला विचारावे त्याने एकच सल्ला दिला: ऑटोच्या नादी लागू नकोस, वरची चकती थेट 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर ठेव, त्याशिवाय खरे छायाचित्रण येत नाही. मी तो प्रमाण मानला आणि दोन महिने 'एम' सोडला नाही. त्या दोन महिन्यांविषयी पुढे सांगते, कारण तो सल्ला माझ्या मते नवशिक्याला द्यायच्या सल्ल्यांत सर्वांत निरुपयोगी आहे. पण आधी आकड्यांविषयी, कारण ते कळल्यावाचून कोणत्याच मोडला अर्थ नाही.

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले लहानमोठे होणारे छिद्र, एवढे मला माहीत होते. मग छिद्र मोठे असताना आकडा लहान आणि छिद्र लहान असताना आकडा मोठा का, हे मात्र कोणी सांगेना. 'उलटे असते, लक्षात ठेव' एवढेच उत्तर मिळे. वास्तविक तो अपूर्णांक आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याला, त्या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो: ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/१.८ म्हणजे सुमारे २८ मिलिमीटरचे छिद्र आणि एफ/१६ म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटरचे. हे कळल्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही विचित्र वाटणारी माळही पाठ करावी लागली नाही. दर पावलाला आकडा साधारण १.४ पट होतो, कारण व्यास तेवढ्या प्रमाणात घटला की छिद्राचे क्षेत्रफळ, आणि म्हणून आत येणारा उजेड, बरोबर निम्मा होतो. या एका पावलाला स्टॉप म्हणतात. शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, उघडा राहण्याचा वेळ १/१२५ सेकंदावरून १/२५० वर नेला तरी एक स्टॉप उजेड कमी होतो, आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील राहील तो आकडा, १०० वरून २०० केला तर तोच एक स्टॉप परत भरून निघतो. तिन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येतात हे ध्यानात आले, तेव्हा त्या यंत्रावरची अर्धी भीती गेली.

उरलेली अर्धी भीती कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सने पुरवली. मी एफ/३.५ लावायची, दूरची वस्तू जवळ आणण्यासाठी झूम फिरवायची आणि पाहते तो आकडा आपोआप ५.६ झालेला. चारदा परत ३.५ करायचा प्रयत्न केला, चकती फिरे पण आकडा हलेना. शेवटी लेन्सच्या तोंडाशी गोलाकार छापलेल्या अक्षरांकडे पहिल्यांदा नीट पाहिले: त्यावर ३.५-५.६ असे स्वच्छ लिहिलेले होते, म्हणजे १८ वर असताना छिद्र जास्तीत जास्त ३.५ पर्यंत उघडते आणि ५५ वर असताना ५.६ पर्यंतच. हलकी आणि आटोपशीर लेन्स बनवायची तर ही तडजोड करावीच लागते.

आता त्या मॅन्युअलच्या दोन महिन्यांविषयी. व्ह्यूफाइंडरच्या तळाशी उजेडाचे माप दाखवणारी एक पट्टी असते, मध्ये शून्य, एका बाजूला उणे आणि दुसऱ्या बाजूला अधिक. मी प्रत्येक फोटोपूर्वी अ‍ॅपर्चर ठरवायची, मग पट्टीवरची खूण शून्यावर येईपर्यंत शटरची चकती फिरवत राहायची आणि मग बटण दाबायची. तोवर पक्षी उडालेला असे, मांजर उठून गेलेले असे, किंवा ज्याचा फोटो काढायचा त्या माणसाच्या चेहऱ्यावरचे हसू ताणून ताणून कोरडे पडलेले असे. एके दिवशी सहज चकती 'ए'वर फिरवली. काही कंपन्या या मोडला 'ए' म्हणतात, कॅननच्या कॅमेऱ्यांवर तोच 'एव्ही' म्हणून असतो. यात अ‍ॅपर्चर आपण निवडायचे आणि त्याला साजेसा शटर स्पीड कॅमेऱ्याने ठरवायचा. तोच फोटो पुन्हा काढला, तर कॅमेऱ्याने निवडलेला आकडा अगदी तोच होता जो मी इतका वेळ खटपट करून लावला होता. मी दोन महिने कॅमेऱ्याचेच काम, त्याच्याच मापाने, त्याच्यापेक्षा कितीतरी सावकाश करत होते आणि त्याला 'मॅन्युअल' म्हणून मनात मिरवत होते. खूण शून्यावर आणायचीच असेल तर ती कोणी आणली याने फोटोत काडीचा फरक पडत नाही. खरा प्रश्न वेगळा होता: शून्य म्हणजे काय आणि ते कोणी ठरवले?

हा प्रश्न मला दोरीवर वाळत घातलेल्या एका पांढऱ्या चादरीने विचारायला लावला. सकाळचे कोवळे ऊन चादरीतून झिरपत होते आणि तिच्या घड्यांच्या सावल्या फार सुंदर दिसत होत्या. मी चादरीने चौकट भरून फोटो काढला. फोटोत ती मळकट, राखाडी, आठवडाभर न धुतल्यासारखी आली. फार उजेड झाला असेल असे वाटून मी कॅमेऱ्याला उजेड कमी करायला सांगितले, तर चादर आणखीच काळवंडली. दुसऱ्या दिवशी काळ्या छत्रीचा फोटो काढला, तर तिच्या उलट: छत्री फिकी पडून करडी झाली आणि कापडावरची धूळसुद्धा मोजता येईल इतकी उजळली.

त्यावर मी एक प्रयोग केला, जो कॅमेरा हातात घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात करावा असे मला वाटते. खिडकीजवळ, उजेड बदलणार नाही अशा जागी, एक पांढरा कागद, एक मध्यम राखाडी पुठ्ठा आणि एक काळे कापड ठेवले. कॅमेरा 'ए'वर, एफ/५.६ आणि आयएसओ ८०० कायम ठेवून, एकेका वस्तूने पूर्ण चौकट भरून तीन फोटो घेतले. कोऱ्या कागदावर फोकस सापडेना म्हणून तो हाताने लावला. तो नीट लागला नाही तरी या प्रयोगात बिघडत नाही. पडद्यावर तिन्ही फोटो शेजारी ठेवले तेव्हा कोणता कागदाचा आणि कोणता कापडाचा हे मला पोत पाहूनच सांगता आले. तिन्ही जवळपास एकाच राखाडी रंगाचे होते. शटरचे आकडे मात्र वेगळे होते: कागदाला १/५००, पुठ्ठ्याला १/१००, कापडाला १/२५.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरच्या वस्तूवर किती उजेड पडतो हे मोजू शकत नाही. वस्तूवरून उसळून लेन्सपर्यंत किती येतो एवढेच त्याला कळते. थोडा उजेड आला तर तो काळोखातल्या पांढऱ्या वस्तूवरून आला की उन्हातल्या काळ्या वस्तूवरून, हे ओळखायला त्याच्याकडे साधन नाही. म्हणून तो एक समजूत धरून चालतो, की जगातल्या सगळ्या वस्तूंची सरासरी काढली तर ती मध्यम राखाडीच भरेल. छायाचित्रणात पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परतवणारा राखाडी रंग फार पूर्वीपासून प्रमाण धरला जातो आणि त्यासाठी खास राखाडी पुठ्ठे मिळतात. पांढरा कागद साधारण ९० टक्के परतवतो, म्हणजे पाचपट. कॅमेऱ्याने त्याला बिनचूक पाचपट कमी वेळ दिला आणि राखाडी करून टाकले. शून्याची खूण म्हणजे 'योग्य' नव्हे, 'राखाडी' हे मला त्या तीन फोटोंनी दाखवले. हल्लीचे कॅमेरे चौकटीचे अनेक भाग पाडून त्यांची तुलना करतात, त्यामुळे झाडे, रस्ता, आकाश, माणसे अशा मिश्र दृश्यात ही समजूत बहुधा खपून जाते, आणि म्हणूनच ती इतके दिवस माझ्या लक्षात आली नव्हती.

तोड अगदी सोपी निघाली. अधिक-उणे असे चिन्ह असलेले एक बटण असते. ते दाबून चकती फिरवली की कॅमेऱ्याच्या हिशेबात आपण सांगू तेवढे स्टॉप मिळवले किंवा वजा केले जातात. अडचण एवढीच की ते मनाच्या ओढीविरुद्ध चालते. पांढऱ्या वस्तूला अधिक द्यावे लागते, काळ्या वस्तूला उणे. 'एवढी तर उजळ आहे, आणखी उजेड कशाला?' असे मन म्हणते, आणि चादरीच्या वेळी मी नेमके मनाचे ऐकले होते. पुन्हा एकदा ती चादर वाळत घालून अधिक दीड स्टॉपवर फोटो घेतला तेव्हा ती पांढरी आली, आणि घड्यांच्या सावल्याही शाबूत राहिल्या. आता दृश्य पाहिले की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो: हे राखाडीपेक्षा उजळ आहे की गडद, आणि किती? या सवयीने मला जे शिकवले ते 'एम'वरच्या दोन महिन्यांनी शिकवले नव्हते. मॅन्युअल मोड मी अजूनही वापरते, पण खोलीतला उजेड पक्का असताना, एकदा आकडे ठरवून मग त्यांच्याकडे न पाहता काम करायचे असेल तेव्हा.

सहाव्या महिन्यात ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स हाती आली आणि थोडे दिवस माझे सगळे फोटो बिघडले. पाठीमागचे सारे विरघळून गेलेले आणि मधोमध एक चेहरा, असे फोटो मला काढायचे होते. विरघळणे उत्तम साधले, पण चेहराही त्यात सापडू लागला. कधी नाकाचे टोक रेखीव आणि डोळे पुसट, कधी कान रेखीव आणि बाकी सगळे धुक्यात. नवशिक्यांच्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारा भाग, बहुधा एपीएस-सी मापाचा, म्हणजे सुमारे २३ बाय १५ मिलिमीटरचा असतो. त्यावर ही लेन्स १.८ ला उघडून दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर खोलीच्या दिशेने रेखीव दिसणारा पट्टा मोजून सहा-सात सेंटिमीटरचा असतो. एक मीटरवर आले की तो तीन सेंटिमीटरच्या आत येतो. समोरचा माणूस बोलताना जेवढा पुढेमागे डुलतो तेवढ्यानेही तो पट्ट्याबाहेर जातो.

त्यात माझी एक चूक आणखी होती. फोकसचे सगळे बिंदू मी कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडले होते, आणि निवड त्याच्यावर सोपवली की तो बहुतेकदा सर्वांत जवळच्या वस्तूला पकडतो. फांदीवरच्या पक्ष्याऐवजी अलीकडचे पान, जाळीपलीकडच्या कुत्र्याऐवजी जाळीची तार. पुढे मी फक्त मधला बिंदू निवडायला शिकले: तो डोळ्यावर ठेवायचा, बटण अर्धे दाबून फोकस धरून ठेवायचा आणि कॅमेरा किंचित वळवून चौकट जुळवायची. दूरच्या माणसाला हे चालते. पण जवळून १.८ वर काढताना कॅमेरा वळवल्यानेच रेखीव पट्टा डोळ्यांमागे सरकतो. म्हणून आता डोळ्याच्या सर्वांत जवळचा बिंदू आधीच निवडून ठेवते आणि अ‍ॅपर्चर २.८ किंवा ४ वर नेते. पाठीमागचे जरा कमी विरघळते, पण माणूस ओळखू येतो.

व्ह्यूफाइंडरमधून मात्र हे काहीच आधी कळत नाही, हेही मला उशिरा समजले. या कॅमेऱ्यांत आपण पाहत असतो तेव्हा छिद्र पूर्ण उघडे असते, म्हणजे आतले दृश्य उजळ दिसावे. निवडलेल्या आकड्यापर्यंत ते मिटते ते फोटो घेण्याच्या क्षणी. एफ/११ लावा की एफ/२, आत दिसणारे चित्र तेच. त्या क्षणी आणखी एक गोष्ट घडते: लेन्समधून आलेला उजेड डोळ्याकडे वळवणारा आरसा वर उचलला जातो, शटर उघडून मिटते आणि आरसा खाली येतो. तेवढा वेळ डोळ्यापुढे काळोख असतो. आरसा आपोआप खाली येण्याची सोय १९५४ च्या असाहीफ्लेक्स टू-बी या जपानी कॅमेऱ्यात आली. त्याआधीच्या बहुतेक रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकवेपर्यंत डोळ्यापुढे अंधारच राही. आता तो पापणी लवावी इतकाच असतो. तरीही, जो क्षण फोटोत येतो तो नेमका आपण न पाहिलेला असतो, याची मला अजून गंमत वाटते.

हलणाऱ्या गोष्टींचे प्रकरण भाचीमुळे सुरू झाले. ती चालत नाही, धावतेच. हाताच्या थरथरीसाठी एक ढोबळ नियम आहे, की शटर स्पीड फोकल लेंग्थच्या व्यस्तापेक्षा कमी नको. लहान सेन्सरमुळे तो आकडा दीडपट धरायचा, म्हणजे ५५ मिलिमीटरला साधारण १/८०. मी हा नियम तंतोतंत पाळला आणि भाची धुरासारखी उमटली. नियम माझ्या हाताविषयी होता, तिच्या पायांविषयी नव्हता. लेन्समधली कंपन रोखणारी यंत्रणाही तेवढेच करते. धावत्या मुलीला १/५०० तरी लागतो, आणि फोकस एकदा धरून थांबणारा नव्हे तर सतत पाठलाग करणारा लावावा लागतो, ज्याला कुठे एएफ-सी म्हणतात तर कुठे एआय सर्वो. उलट १/३० ठेवून, सायकलवरून जाणाऱ्या तिच्या वेगाने कॅमेराही फिरवत नेला, तर ती बऱ्यापैकी रेखीव आणि मागची भिंत रेघांची होते. असे चाळीस फोटो काढले, त्यांतले दोन ठेवले.

लहानसहान फजित्यांची यादी लांब आहे, पण त्या एकदा झाल्या की पुन्हा होत नाहीत, निदान वारंवार तरी नाही. रात्री घरात आयएसओ ३२०० केलेला सकाळी उन्हात तसाच राहिला आणि दिवसभराचे फोटो रवाळ आले. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचा तोल, बल्बच्या पिवळ्या उजेडासाठी लावून बाहेर गेले आणि सगळी माणसे निळी पडली. या दुसऱ्या फजितीनंतर मी रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये, फोटो साठवू लागले, कारण त्यात रंगाचा तोल मागाहून बदलता येतो. शिवाय जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १२ बिटांच्या रॉमध्ये ४,०९६, त्यामुळे अंधारलेला भाग नंतर उजळायला वाव राहतो. पूर्ण पांढरा होऊन गेलेला भाग मात्र रॉमध्येही परत येत नाही. आकाशात दर फोटोत एकाच जागी दिसणारा करडा ठिपका मी कित्येक दिवस दूरचा पक्षी समजत होते. तो सेन्सरवर बसलेला धूलिकण होता, एफ/४ ला अदृश्य आणि एफ/१६ ला उठून दिसणारा. रबरी फुग्याच्या हवेने तो गेला. तोंडाने फुंकर घालण्याचा मोह मी टाळला, कारण त्याने थुंकीचे शिंतोडे आत जातात.

चंद्राचा फोटो हा माझा जुना हट्ट होता आणि पहिल्या दिवसापासून तो फसत आला होता. चौकटभर काळे आकाश आणि मध्ये एवढासा चंद्र. कॅमेरा त्या काळ्यालाही राखाडी करू पाहणार, म्हणून खूप वेळ शटर उघडे ठेवणार, आणि चंद्राची होणार एक पांढरी टिकली. चादरीचे गणित इथे लागू आहे हे कळायला मला आठ महिने लागले. चंद्र म्हणजे रात्रीची वस्तू नव्हेच. तो उन्हात पडलेला खडक आहे आणि त्याला उन्हातल्या खडकाचाच हिशेब लावायला हवा. पूर्ण चंद्रासाठी छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा, की अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवले तर शटर स्पीड आयएसओच्या व्यस्ताइतका घ्यावा. पौर्णिमेच्या रात्री मी चकती बऱ्याच दिवसांनी 'एम'वर नेली, आयएसओ १००, एफ/८ आणि त्यानुसार १/२०० लावले, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, फोकस हाताने जुळवला आणि बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. तळाच्या पट्टीवरची खूण उणेच्या टोकाला जाऊन लुकलुकत होती, म्हणजे कॅमेऱ्याच्या मते हा फोटो काळाकुट्ट येणार होता.

५५ मिलिमीटरच्या लेन्सवर चंद्राची प्रतिमा सेन्सरवर अवघी अर्ध्या मिलिमीटरची पडते, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोत सव्वाशेच्या आसपास पिक्सेल रुंद. पडद्यावर मोठा करून पाहिला तेव्हा तो वाटाण्याएवढा होता, कडा किंचित दातेरी होत्या, पण त्यावरचे डाग जागच्या जागी होते. भाचीला दाखवला, तर तिने विचारले, "एवढासाच?"